जाम झालेला ऑइल फिल्टर: घरी ऑइल बदलताना काय अडतं आणि का

गाडीचं ऑइल घरी बदलायला घेतलं की ऑइल काढण्यात किंवा भरण्यात फारसं कुणी अडत नाही. घोडं पेंड खातं ते फिल्टरपाशी. ड्रेन बोल्टला, म्हणजे ऑइल काढायच्या तळाच्या बोल्टला, ठरलेला पाना असतो, तो बसतो आणि बोल्ट सुटतो. फिल्टर मात्र इंजिनाच्या मागे, एक्झॉस्टच्या वर किंवा सबफ्रेमच्या (इंजिनाखालच्या चौकटीच्या) आड बसवलेला असतो; जिथून तो दिसतो तिथून हात पोचत नाही आणि हात पोचतो तिथून तो दिसत नाही. त्यातून आधी बसवणाऱ्याने पाना लावून आवळलेला असेल, तर अर्ध्या तासाच्या कामात अख्खी दुपार जाते. फिल्टर काढताना होणारा बहुतेक त्रास मागच्या वेळी तो कसा बसवला यावर ठरतो, हे माझं ठाम मत आहे. म्हणून काढण्याइतकंच बसवण्याकडेही लक्ष द्या.

पहिली गोष्ट क्रमाची. सगळीकडे सांगतात की आधी ऑइल काढा, मग फिल्टर. मी म्हणेन, ड्रेन बोल्टला हात लावण्याआधी फिल्टर हलतो का ते पाहा. कारण सरळ आहे. ऑइल काढून टाकलं आणि मग फिल्टरचा डबा चेपला, फाटला किंवा सुटलाच नाही, तर गाडी जॅक स्टँडवर (टेकूवर) अडकून पडते. जुनं ऑइल परत ओतायचं नसतं आणि चेपलेल्या फिल्टरवर गाडी चालवून कुठे नेताही येत नाही. फिल्टर आधी तपासला आणि तो जुमानला नाही, तर ऑइल अजून आत आहे, गाडी चालू स्थितीत आहे, दुसरं अवजार आणता येतं. तेव्हा खाली पसरट घमेलं ठेवा, पाना लावा, पाव फेरा सैल होतो का बघा. झाला की हाताने परत टेकवून ठेवा आणि मग ड्रेन बोल्टकडे वळा. त्याच वेळी वरचं ऑइल भरायचं झाकण उघडतं का तेही पाहून घ्या, आणि नवा फिल्टर व ड्रेन बोल्टचा नवा वॉशर हातात आहे याची खात्री करा.

सैल करायची दिशा हा गाडीखाली आडवं पडल्यावर हमखास घोटाळा होणारा मुद्दा. नियम एकच: फिल्टरच्या बंद तोंडाकडे बघताना घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवला की तो सुटतो. पण खाली लटकलेल्या फिल्टरला बॉनेटमधून, वरून हात घातला, तर तुम्ही त्याच्याकडे उलट्या बाजूने बघत असता. तेव्हा सुटण्याची दिशा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे दिसते. ‘सुटत नाही, सुटत नाही’ म्हणत अनेक फिल्टर प्रत्यक्षात आणखी आवळले जातात ते असे. डब्यावर मार्करने बाण काढून ठेवला तर हा प्रश्नच उरत नाही.

गाडी उचलण्याबद्दल थोडक्यात, पण यात तडजोड नको. जमीन सपाट आणि टणक हवी, हँडब्रेक ओढलेला, गाडी पहिल्या गिअरमध्ये किंवा पार्कमध्ये, मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे. जॅकने उचला, पण भार स्टँडवर घ्या, आणि खाली जाण्याआधी गाडीला बाजूने जोरात हलवून बघा. गाडीसोबत मिळणारा जॅक चाक बदलण्यासाठी असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही. हायड्रॉलिक जॅकचंही सील कधी दगा देईल सांगता येत नाही, आणि फिल्टरला झटके देताना गाडी हलतेच. रॅम्प असतील तर उत्तमच.

इंजिन तीन-चार मिनिटं चालवून कोमट करा. ऑइल पातळ होतं, तळाशी बसलेली घाण त्यात मिसळते आणि बाहेर पडते. लांबून आल्या आल्या मात्र काम सुरू करू नका. तेव्हा ऑइल ९० ते १०० अंश सेल्सिअसच्या घरात असतं, आणि फिल्टरशेजारचा एक्झॉस्ट त्याहून कितीतरी तापलेला. कोपराला चटका बसतो तो बहुधा एक्झॉस्टचाच.

खालचं प्लास्टिकचं आवरण असेल तर ते काढायला कधीकधी ऑइलपेक्षा जास्त वेळ लागतो. बोल्ट बहुतेक १० मिलिमीटरचे, सोबत प्लास्टिकच्या क्लिपा. या क्लिपांची मधली खुंटी आधी वर उचलायची असते. तसंच उपटलं की त्या तुटतात. बोल्टांत लांब-आखूड असे प्रकार असतात, म्हणून ते निघाले त्याच क्रमाने मांडून ठेवा. आवरणाला ऑइल आणि फिल्टरसाठी छोटी खिडकी दिलेली असली, तरी मी पूर्ण आवरण काढण्याच्या बाजूचा आहे. खिडकीतून काम केलं की सांडलेलं ऑइल आवरणात साठतं आणि पुढे कित्येक दिवस ठिबकत राहतं. मग खरी गळती आहे की सांडलेलं आहे हेच कळत नाही.

आता फिल्टर. पत्र्याचा गोल डबा, जो पूर्ण फिरवून काढतात आणि टाकून देतात, त्याबद्दल आधी बोलू.

काढायची अवजारं चार-पाच प्रकारची मिळतात आणि प्रत्येकाची खोड वेगळी. टोपीसारखा पाना फिल्टरच्या टोकावरच्या कंगोऱ्यांवर बसतो आणि मागून रॅचेट लागतं. अडचणीच्या जागी हा सर्वांत चांगला, पण माप अचूक हवं. ६५ मिलिमीटरचा फिल्टर आणि ६६ चा पाना असं चालत नाही; जाम फिल्टरवर तो घसरतो आणि कंगोरे गोल करून टाकतो. कंगोऱ्यांची संख्याही जुळावी लागते, १४ ची टोपी १५ वर बसणार नाही. तीन पायांचा पाना जितका फिरवाल तितकी पकड घट्ट करतो, पण त्याला फिल्टरखाली चांगली मोकळी जागा लागते. कापडी किंवा चामडी पट्ट्याचा पाना डब्यावर ऑइलचा थेंब असला तरी घसरतो. साखळीचा आणि पोलादी पट्टीचा पाना पकड चांगली घेतो, पण डबा चेपायलाही वेळ लावत नाही. मोठ्या तोंडाची फिल्टर पक्कड बाजूने मोकळी जागा असेल तरच कामाची. मला विचाराल तर नेमक्या मापाची टोपी घ्यावी आणि जोडीला तीन पायांचा पाना ठेवावा. बाकी गोळा करण्याची गरज नाही.

पाना कोणताही असो, तो डब्याच्या कुठल्या भागाला धरतो याला महत्त्व आहे. इंजिनाला टेकणाऱ्या तोंडाशी आत जाड बैठकीची चकती असते आणि पत्रा तिच्यावर दुमडलेला असतो, त्यामुळे तो भाग कडक. मधला भाग म्हणजे नुसता पातळ पत्रा. पट्टीचा किंवा साखळीचा पाना मधोमध लावला की डबा आत चेपतो, चेपला की पकड जाते, आणि पुढच्या प्रयत्नात तो आणखी चेपतो. म्हणून पट्टी इंजिनाच्या बाजूला जितकी सरकवता येईल तितकी सरकवा. लावण्याआधी डबा ब्रेक क्लीनरने कोरडा पुसा. पट्टी तरीही घसरली तर मधे खरखरीत पॉलिश पेपरचा तुकडा घाला.

फिल्टर जाम का होतो, हे समजलं तर भलते उपाय करण्यात वेळ जात नाही. आटे गंजून तो अडकत नाही. ज्या मधल्या आटेदार नळीवर फिल्टर फिरवून बसवतात ती कायम ऑइलमध्ये भिजलेली असते, त्यामुळे गंज सोडवणारा स्प्रे मारून काहीही साधत नाही. अडकते ती फिल्टरच्या तोंडाभोवतीची रबरी रिंग. बसवताना ती कोरडी राहिली, किंवा पान्याने जास्त आवळली गेली, की ती इंजिनाच्या गुळगुळीत तोंडावर दाबून बसते. मग हजारो किलोमीटर रोज तापणं आणि थंड होणं. रबर कडक होतं आणि धातूला चिकटतं. म्हणजे तोडायची आहे ती ही चिकट. सावकाश वाढवत नेलेल्या जोरापेक्षा लांब दांड्याने दिलेला छोटा, ठाम झटका इथे जास्त काम करतो. इंजिन कोमट असेल तर रबरही थोडं नरमतं. एकदा पहिला आठवा हिस्सा फेरा फिरला की पुढचं हाताने होतं.

स्क्रू ड्रायव्हर ठोकून आरपार घालायचा आणि त्याला धरून फिरवायचं, ही युक्ती खूप सांगितली जाते. मी तिच्या विरोधात आहे. डबा खरोखर जाम असेल तर फिरण्याऐवजी पत्रा भोकापासून फाटत जातो, आतलं ऑइल अंगावर येतं, आणि पुढे कुठलाही पाना लावायला डबा शिल्लक राहत नाही. त्यातही भोक इंजिनाच्या फार जवळ पाडलं तर मधल्या आटेदार नळीला इजा होते. ती नळी दीड-दोन सेंटीमीटर डब्यात शिरलेली असते. तिचे आटे बिघडले की नवा फिल्टरही नीट बसत नाही.

डबा फाटून निघाला आणि चकती तशीच इंजिनाला चिकटून राहिली, तर घाबरण्यासारखं काही नाही, पण घाईही नको. चकतीत मधल्या आट्यांभोवती छोट्या भोकांचं वर्तुळ असतं. लांब नाकाच्या मजबूत पक्कडीची दोन टोकं समोरासमोरच्या भोकांत घालून फिरवा. तेही जमलं नाही तर चकतीच्या कडेवर बोथट छिन्नी तिरकी धरून, सुटण्याच्या दिशेने, हलक्या हातोडीने टकटक करत न्या. इंजिनाचं तोंड बहुतेक ॲल्युमिनियमचं असतं. छिन्नी घसरून तिथे ओरखडा पडला की त्या वाटेने ऑइल झिरपतं. म्हणून छिन्नीचा रोख नेहमी बाहेरच्या बाजूला. कधीकधी उलटंच होतं: फिल्टर सहज सुटतो पण आटेदार नळीच त्याच्यासोबत निघून येते. जुना फिल्टर टाकण्याआधी त्याच्या तोंडात डोकावून बघा. नळी आत असेल तर ती काढून, आटे स्वच्छ करून, उत्पादकाने सांगितलेल्या जोराने इंजिनात परत बसवायची असते.

फिल्टर सुटायला लागला की पुढचा त्रास ऑइल सांडण्याचा. आडव्या बसवलेल्या फिल्टरमधून पाव लिटरभर ऑइल सहज निघतं, आणि ते घमेल्यात न पडता सबफ्रेमवर, ॲक्सलच्या रबरी बुटावर, एक्झॉस्टवर आणि तुमच्या मनगटावरून थेट कोपरापर्यंत जातं. फिल्टर एक फेरा सैल करून थांबा. धार ठिबकण्यावर येईपर्यंत हात लावू नका. मग जाड प्लास्टिकची पिशवी फिल्टरवर चढवा आणि पिशवीच्या आतच फिरवून काढा. एक्झॉस्ट खालीच असेल तर ॲल्युमिनियम फॉइल तीन-चार पदरी दुमडून त्याची पन्हळ करा आणि घमेल्याकडे उतार द्या. सांडलेलं ऑइल ब्रेक क्लीनरने पुसा, विशेषतः एक्झॉस्टवरचं. थोडं राहिलं तर धूर आणि वास येतो. जास्त राहिलं तर तापलेल्या एक्झॉस्टवर पेट घेण्याचा धोका खरा आहे. रबरी बुश आणि बूट पुसायला विसरू नका, ऑइलने रबर फुगतं आणि फाटतं.

आता या सगळ्या कामातली सर्वांत महत्त्वाची तपासणी. जुना फिल्टर हातात आला की त्याची रबरी रिंग त्याच्यावरच आहे ना, हे पाहा. नसेल तर ती इंजिनाला चिकटून राहिली आहे. तिच्यावर नवा फिल्टर बसवला की दोन रिंगा एकावर एक येतात. हाताला सगळं घट्ट लागतं. इंजिन चालू केल्यावर ऑइलचा दाब तीन-चार बार होतो, वरची रिंग बाजूला सरकते आणि ऑइल पिचकारीसारखं बाहेर येतं. मिनिटाच्या आत इंजिन कोरडं पडू शकतं. इंजिनाचं तोंड नुसतं बघून चालत नाही, काळ्या ऑइलखाली काळी रिंग दिसत नाही. फडक्याने पुसा आणि मग बोट गोल फिरवून चाचपा. कडेला उंचवटा लागता कामा नये.

नवा फिल्टर घेताना आटे आणि रिंगचा व्यास जुळला म्हणजे झालं, असं नसतं. सर्वांत धोकादायक गल्लत एम २० गुणिले १.५ (२० मिलिमीटर व्यास, आट्यांत १.५ मिलिमीटर अंतर) आणि पाऊण इंच, इंचाला १६ आटे, या दोन मापांत होते. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर. २० मिलिमीटरचा फिल्टर त्या नळीवर चढतो, थोडा डगमगतो, शेवटी घट्टही वाटतो, पण आट्यांची पकड अर्धवट असते आणि दाबाखाली तो निसटू शकतो. बसवताना फिल्टर नळीवर डुगडुगला तर तिथेच थांबा. आतले दोन भाग बाहेरून दिसत नाहीत, तेही गाडीप्रमाणे बदलतात. एक बायपास व्हॉल्व्ह: फिल्टर तुंबला किंवा थंडीत ऑइल घट्ट असलं की ठरावीक दाबाला उघडून तो ऑइल न गाळता पुढे सोडतो, म्हणजे इंजिन उपाशी राहत नाही. दुसरा म्हणजे ऑइल मागे उतरू न देणारा रबरी पडदा. आडव्या किंवा उलट्या फिल्टरला हा लागतोच. तो कमी प्रतीचा असला की रात्रभरात फिल्टर रिकामा होतो आणि सकाळी चालू करताना एक-दोन सेकंद खडखड येते. म्हणून गाडीच्या पुस्तकातला भाग क्रमांक किंवा नामांकित उत्पादकाच्या यादीतला त्याच्याशी जुळणारा क्रमांक, एवढंच प्रमाण माना.

बसवण्याआधी फिल्टरमध्ये ऑइल भरावं का, यावर दोन मतं आहेत. सरळ खाली लटकणारा असेल तर अर्धा भरायला हरकत नाही, पण ओतायचं ते बाहेरच्या छोट्या भोकांतून. मधलं मोठं भोक गाळलेल्या ऑइलचं, तिथून थेट इंजिनाकडे वाट आहे. आडव्या फिल्टरमध्ये भरायच्या फंदात पडू नका, सगळं सांडेल.

रबरी रिंगवर नव्या ऑइलचं बोट फिरवा, पूर्ण गोल, एकही भाग कोरडा नको. कोरडी रिंग आवळताना पिळली जाते, आणि पुढच्या वेळी तीच चिकटते. आटे हातानेच लावा. पहिले दोन फेरे विनासायास फिरले पाहिजेत. रिंग इंजिनाला टेकली की डब्यावर मार्करने खूण करा आणि तिथून पाऊण फेरा हाताने आवळा. काही फिल्टरवर अर्धा किंवा पूर्ण एक फेरा छापलेला असतो, तेव्हा छापलेलं पाळा. टोकाला १ ते ४ आकडे छापलेले असतील तर मोजणं आणखी सोपं. टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) मोजायचं तर बहुतेक ठिकाणी १२ ते १८ न्यूटन मीटरच्या आसपास आकडा येतो, म्हणजे खरोखर फार कमी. पाना हा काढण्यासाठी आहे. हात आणि डबा दोन्ही ओशट असल्यामुळे पाऊण फेरा होत नसेल तर दोन्ही कोरडे पुसून पुन्हा प्रयत्न करा. जागाच नसेल तर टोपीच्या पान्याने तो मोजका पाऊण फेरा पुरा करा आणि थांबा. ‘सुटू नये म्हणून अजून थोडा’ ही भीती निराधार आहे, रिंग दाबाने तशीही बसून राहते. डब्यावर तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवा.

ड्रेन बोल्टकडे येऊ. डोकं बहुधा १४, १७ किंवा १९ मिलिमीटरचं, काही ठिकाणी आतून षटकोनी. उघड्या तोंडाचा पाना वापरू नका. रिंग पाना किंवा सहा कोनांची गोटी (सॉकेट) घ्या, नाहीतर डोकं गोल होतं. पण त्याही आधी, तो बोल्ट इंजिनाचाच आहे ना? ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा ड्रेन बोल्ट काही गाड्यांत शेजारीच असतो, सुबारूच्या गाड्यांत ही गल्लत विशेष प्रसिद्ध आहे. गिअरबॉक्स रिकामा होतो आणि इंजिनात जुन्यावर नवं ऑइल भरलं जातं, म्हणजे एकाच चुकीत दोन नुकसानं. बाहेर आलेलं तेल लाल किंवा स्वच्छ मधाच्या रंगाचं असेल तर लगेच बोल्ट परत लावा. वापरलेलं इंजिन ऑइल गडद तपकिरी किंवा काळं असतं.

बोल्ट सैल झाल्यावर बोटांनी वर दाबत फिरवा, म्हणजे शेवटचा आटा सुटेपर्यंत धार सुरू होत नाही. मग झटक्यात बाजूला घ्या. पहिली धार सरळ खाली न पडता वीस-तीस सेंटीमीटर पुढे जाते आणि जोर ओसरला की मागे येते. घमेलं त्याच अंदाजाने ठेवा. भरायचं झाकण उघडं असेल तर धार एकसारखी येते. दहा-पंधरा मिनिटं निथळू द्या.

वॉशर दर वेळी नवा. तांब्याचा असो वा ॲल्युमिनियमचा, तो एकदा दबण्यासाठीच बनवलेला असतो. जुना वॉशर ऑइल पॅनला (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीला) चिकटून राहिलेला नाही ना, हेही पाहा. बोल्ट तीन-चार आटे बोटांनीच लावा. तिरका चढला तर पहिल्याच फेऱ्यात अडखळतो, तेव्हा मागे घ्या. आवळण्याचा आकडा गाडीप्रमाणे साधारण २५ ते ४० न्यूटन मीटर. ऑइल पॅन ॲल्युमिनियमचा असेल तर इथे टॉर्क पाना वापराच, कारण आटे गेले की काम वाढतं. मग नवे आटे पाडून आत पोलादी इन्सर्ट बसवावा लागतो, नाहीतर पॅनच बदलावा लागतो. टेफ्लॉन टेप गुंडाळून किंवा सीलंट लावून मेलेले आटे धरत नाहीत.

वरून निघणारा कार्ट्रिज फिल्टर असेल तर हात काळे होत नाहीत, पण त्याचे आपले वेगळे हट्ट आहेत. प्लास्टिकचं झाकण आणि त्याच्या आत कागदी गाळणी. झाकण दोन-तीन फेरे सैल करून थांबलात तर गाळणी बसते त्या पोकळीतलं ऑइल खाली पॅनमध्ये उतरतं आणि गाळणी जवळजवळ निथळून हातात येते. झाकणाची ओ-रिंग नवी घालायची, आणि ती नेमक्या खाचेत. वरच्या दुसऱ्या खाचेत बसवली तर दिसायला ठीक दिसतं आणि दाब येताच गळतं. झाकणावरच बहुधा २५ न्यूटन मीटर हा आकडा छापलेला असतो. त्याहून जास्त आवळलं की प्लास्टिकला बारीक तडा जातो आणि पुढच्या वेळी काढताना झाकण दुभंगतं. टोयोटाच्या बऱ्याच इंजिनांत कार्ट्रिज खालून असतो आणि त्याच्या झाकणाला वेगळा छोटा ड्रेन असतो. तो उघडून घेतला तर सांडणं टळतं. जुन्या गाळणीसोबत आतली प्लास्टिकची मधली नळी फेकली जात नाही ना, हे पाहा. ती झाकणाचा भाग असते आणि नव्या गाळणीसोबत येत नाही.

भरायचं किती? गाडीच्या पुस्तकात फिल्टरसह आणि फिल्टरविना असे दोन आकडे असतात, आपला आकडा फिल्टरसह. तो ३.५ लिटर असेल तर आधी ३ लिटर ओता, दोन मिनिटं थांबून डिपस्टिक (पातळी मोजायची पट्टी) बघा आणि मग थोडं थोडं वाढवा. डिपस्टिकच्या खालच्या आणि वरच्या खुणेत अनेक गाड्यांत लिटरभराच्या आसपास अंतर असतं, म्हणजे अर्ध्यावर असताना पाव लिटरने पातळी बरीच वर जाते. वरच्या खुणेच्या पुढे जाऊ देऊ नका. क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, ऑइलमध्ये आपटून फेस करतो, आणि फेसाळलेलं ऑइल बेअरिंगला नीट वंगण देत नाही. ग्रेडही, म्हणजे ऑइलचा दाटपणा सांगणारा आकडा, पुस्तकातलीच घ्या. ५डब्ल्यू-३० च्या जागी ‘थोडं जाड बरं’ म्हणून दुसरं नको. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या डिझेल गाडीला कमी राखेचं ऑइल लागतं, डब्यावर एसीईए या युरोपीय वाहन उत्पादक संघटनेची सी मालिका शोधा.

झाकण लावा आणि इंजिन चालू करा, पण ॲक्सिलरेटरला पाय न लावता. ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. दहा सेकंदांत विझला नाही तर इंजिन बंद करा. शक्य असेल तर एकाने आत बसावं आणि दुसऱ्याने बाहेरून टॉर्चने फिल्टरवर आणि ड्रेन बोल्टवर लक्ष ठेवावं. अर्धा-एक मिनिट चालवून बंद करा. फिल्टर भरल्यामुळे पातळी उतरलेली असेल. गाडी जमिनीवर सपाट आणून, पाच-दहा मिनिटं थांबून, पुन्हा मोजा आणि कमी असेल तेवढं घाला.

वापरलेलं ऑइल त्वचेला घातक असतं, म्हणून सुरुवातीपासून नायट्राइलचे हातमोजे घाला. जुनं ऑइल नरसाळ्याने नव्या ऑइलच्या रिकाम्या कॅनमध्ये भरा, झाकण लावा आणि जिथे ते पुनर्वापरासाठी गोळा करतात तिथे द्या. त्यात कूलंट, ब्रेक फ्लुइड किंवा क्लीनर मिसळू नका, मग ते शुद्ध करण्याजोगं राहत नाही. गटारात किंवा मातीत तर मुळीच नाही. जुना फिल्टर तोंड खाली करून १२ तास निथळत ठेवा. तोही ऑइलसोबतच द्यायचा. जमिनीवर सांडलेल्या ऑइलवर लाकडाचा भुसा टाका, तासाभराने झाडून घ्या, पाण्याने धुवायला जाऊ नका.

खालचं आवरण त्याच दिवशी घाईने लावू नका. दोन-चार किलोमीटर चालवून या, परत आल्यावर फिल्टरच्या रिंगभोवती आणि ड्रेन बोल्टखाली कोरडा पांढरा कागद फिरवा. डाग आला तर आधी तो पुसून पुन्हा चालवून बघा, कारण सबफ्रेमच्या खाचेत अडकलेलं ऑइल पहिल्या धावेत खाली येतंच. दुसऱ्या वेळीही रिंगपाशी ओल दिसली तर थंड झाल्यावर फिल्टर आठवा हिस्सा फेरा आवळा. तिसऱ्यांदाही दिसली तर आणखी आवळत बसू नका. फिल्टर काढा आणि रिंग व इंजिनाचं तोंड पुन्हा तपासा.